'इतर सर्व' या दोन शब्दांची व्याप्ती

मार्गशीर्षात कलमांना मोहोर दिसू लागला, तेव्हा देवगड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याने आपली बाग एका व्यापाऱ्याला हंगामापुरती कराराने दिली. करार तीन पानांचा आणि संपूर्ण इंग्रजीत होता. चैत्रात त्या व्यापाऱ्याची माणसे गडग्यालगतचे, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणालगतचे, ऐनाचे जुने झाड तोडण्यासाठी कोयते आणि करवत घेऊन आली, कारण पेट्या भरण्यासाठी त्यांना मांडव घालायचा होता आणि त्यासाठी लाकूड हवे होते. आत्याने त्यांना अडवले, तेव्हा त्यांनी कराराचे दुसरे पान पुढे केले. बागेतील 'आंबा, काजू आणि इतर सर्व झाडे' हंगामापुरती व्यापाऱ्याच्या ताब्यात दिली आहेत, असा त्यातील एका वाक्याचा अर्थ होता. मी मालवणात राहते आणि इंग्रजी दस्तऐवजांचे मराठी अनुवाद करते, म्हणून आत्याने मला बोलावून घेतले. ते पान माझ्या हातात देताना तिने विचारले, "माका इंग्रजी येना नाय, पण ह्या 'इतर'मधी माझो ऐन खंयसून इलो?"

आत्याने ओट्यावर बसून विचारलेला हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयांसमोर निदान सोळाव्या शतकापासून वेगवेगळ्या रूपांत येत राहिला आहे, आणि त्याचे जे उत्तर तेथे घडत गेले तेच पुढे आपल्या न्यायालयांनीही स्वीकारले. ते उत्तर समजून घेण्याआधी अशी वाक्ये मुळात का लिहिली जातात, हे पाहिले पाहिजे. दस्त लिहिणाऱ्याला नेहमी एकच भीती असते, की काहीतरी लिहायचे राहून जाईल. त्याने दहा वस्तूंची नावे लिहिली आणि अकरावीचे लिहिले नाही, तर ती मुद्दाम वगळली असा अर्थ काढला जाण्याचा धोका असतो. म्हणून यादी संपल्यावर तो 'आणि इतर सर्व', 'किंवा अन्य कोणत्याही प्रकारे', 'मग ते कोणत्याही स्वरूपाचे असो' असे शेपूट जोडतो आणि आता काहीही निसटणार नाही, असे मानून निश्चिंत होतो. न्यायालय मात्र त्या शेपटाकडे सुटेपणी पाहत नाही. आधी लिहिलेल्या नावांत जर एखादी जात, एखादे कूळ दिसत असेल, तर शेवटचे 'इतर' हे त्याच कुळातले इतर आहेत असे धरले जाते. या नियमाला लॅटिनमध्ये 'एजुस्डेम जेनेरिस' म्हणतात, म्हणजे 'त्याच प्रकारचे'. यामागचा तर्क मला अगदी सरळ वाटतो. लिहिणाऱ्याला खरोखरच जगातले सगळे काही म्हणायचे असते, तर आधीची नावे लिहिण्याचे कष्ट त्याने घेतलेच नसते.

या नियमाचे जुने आणि स्पष्ट उदाहरण म्हणजे इंग्लंडचा १६७७ चा रविवार पाळण्याचा कायदा. कोणताही 'व्यापारी, कारागीर, कामकरी, मजूर किंवा अन्य कोणतीही व्यक्ती' रविवारी आपल्या धंद्याचे काम करणार नाही, असे त्यात म्हटले होते. 'अन्य कोणतीही व्यक्ती' यात कोणी सुटेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तरी १८२७ मध्ये घोडागाडीच्या वाहतुकीचा धंदा करणारे त्यातून सुटले, १८६४ मध्ये शेतकरी सुटला आणि १९०० मध्ये न्हावीही सुटला, कारण यांपैकी कोणीही आधीच्या चार नावांच्या जातीतला नाही, असे न्यायालयांना वाटले.

आम्हा समुद्रकाठच्या माणसांना याहून जवळचे वाटेल असे उदाहरण जहाजाच्या विम्याचे आहे. लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराने १७७९ मध्ये स्वीकारलेला विमापत्राचा नमुना पुढे दोनशे वर्षे वापरात राहिला. त्यात समुद्राचे धोके, युद्धनौका, आग, शत्रू, चाचे, चोर, संकटात माल समुद्रात टाकावा लागणे, राजेरजवाड्यांनी जहाज अडकवून ठेवणे, तांडेल आणि खलाशांनी मालकाशी केलेला दगा अशी एकामागून एक संकटे मोजलेली आहेत आणि शेवटी 'इतर सर्व धोके, हानी व आपत्ती' असे शब्द आहेत. ज्याने कधी नस्ताचे वादळ किनाऱ्यावरून पाहिले आहे, त्याला ही यादी वाचताना तिच्यामागचे भय ओळखीचे वाटेल. पुढे 'इंचमरी' नावाचे एक वाफेचे जहाज नांगर टाकून उभे असताना त्याच्या बॉयलरमध्ये पाणी भरणाऱ्या पंपाची एक झडप उघडी राहायची ती बंद राहिली, पाण्याचा दाब वाढला आणि पंपाचा एक भाग फुटला. विम्याच्या यादीत पंप नव्हता, पण 'इतर सर्व धोके' होते. १८८७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, नुकसानभरपाई नाकारली. पंप जमिनीवरही असाच फुटला असता, त्याचा समुद्राशी संबंध नाही आणि यादीतील इतर संकटांशीही त्याचे काही साम्य नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्यानंतर जहाजमालकांनी विमापत्रात यंत्रे आणि बॉयलर यांचा नावानिशी उल्लेख करणारे नवे कलम घालून घेतले आणि ते आजही त्या जहाजाच्याच नावाने ओळखले जाते. निकालातील तत्त्व १९०६ च्या इंग्लंडच्या सागरी विमा कायद्याच्या अनुसूचीत आले आणि तेथून आपल्या १९६३ च्या सागरी विमा अधिनियमातही आले: 'इतर सर्व धोके' म्हणजे विमापत्रात नावाने सांगितलेल्या धोक्यांसारखेच धोके, एवढेच. या नियमासमोर 'सर्व' हा शब्द कसा आकुंचित होतो, हे मला प्रत्येक वेळी नव्याने जाणवते.

नियम यांत्रिकपणे लागू होतो, असे मात्र नाही. अमेरिकेत एका मच्छीमार बोटीच्या कप्तानावर, ठरलेल्या मापापेक्षा लहान मासे पकडून तपासणीनंतर ते समुद्रात टाकून दिल्याचा आरोप आला. त्याच्यावर लावलेले कलम आर्थिक घोटाळ्यांनंतर २००२ मध्ये आलेल्या कायद्याचे होते आणि त्यात 'कोणतीही नोंद, दस्तऐवज किंवा मूर्त वस्तू' नष्ट करण्यास मनाई होती. मासा ही हाताला लागणारी मूर्त वस्तू आहे, याबद्दल शंका असण्याचे कारण नाही. तरीही २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कप्तानाच्या बाजूने निकाल दिला, पण तो पाच विरुद्ध चार अशा मतांनी. नोंद आणि दस्तऐवज यांच्या पंक्तीला बसणारी मूर्त वस्तू म्हणजे माहिती साठवणारी वस्तू, असे काही न्यायमूर्तींनी मानले, तर विरोधी मताच्या चौघांना मासा ही मूर्त वस्तूच आहे यापलीकडे जाण्याची गरज वाटली नाही. मला स्वतःला बहुमताचा निष्कर्ष योग्य वाटतो, परंतु चार विद्वान न्यायमूर्तींना दुसरा अर्थ दिसू शकतो, एवढी ही वाक्ये निसरडी असतात.

या नियमातून सुटण्यासाठी कायदे लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या जातीचे शब्दप्रयोग शोधले. यादीनंतर 'इतर' लिहिण्याऐवजी यादीच्या आधीच व्यापक अधिकार लिहून टाकायचा आणि मग 'पूर्वगामी अधिकाराच्या सर्वसाधारणतेस बाध न आणता' असे म्हणून यादी द्यायची. करारांमध्ये हेच काम 'यांसह, परंतु यांपुरतेच मर्यादित नाही' हे शब्द करतात. अनुवाद करताना अशी वाक्ये वाचकाला अवजड वाटतात आणि मलाही पूर्वी ती निरर्थक वाटत असत. त्यांचे वजन किती आहे, हे मला एका जुन्या खटल्याने शिकवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याने सरकारला संरक्षण आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी नियम करण्याचा व्यापक अधिकार दिला होता आणि त्याखालीच 'सर्वसाधारणतेस बाध न आणता' असे म्हणून विषयांची लांबलचक यादी दिली होती. त्या यादीत स्थानबद्धतेचा विषय होता, पण तो वाजवी संशयाच्या अटीने बांधलेला होता. सरकारने केलेला सव्विसावा नियम ती अट ओलांडून, सरकारचे समाधान झाले एवढ्यावर माणसाला डांबून ठेवू देत होता. मुंबई प्रांतातील केशव तळपदे यांच्या खटल्यात १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने, म्हणजे दिल्लीतील तेव्हाच्या वरिष्ठ न्यायालयाने, हा नियम अधिकाराबाहेरचा ठरवला. सरकारने लवकरच वटहुकूम काढून कायदा दुरुस्त केला, आणि १९४५ मध्ये बंगालमधील सिबनाथ बॅनर्जी यांच्या खटल्यात, भारतातील अपिले शेवटी ज्याच्याकडे जात त्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की फेडरल कोर्टाचे मत चुकीचे होते: यादी केवळ उदाहरणादाखल आहे, खरा अधिकार तिच्या आधीच्या व्यापक वाक्यात आहे आणि यादीतील अट त्या अधिकाराला मर्यादा घालू शकत नाही. माणसाने तुरुंगात राहायचे की घरी जायचे, हे या शब्दांच्या वाचनावर ठरत होते. तेव्हापासून 'सर्वसाधारणतेस बाध न आणता' या शब्दांचा अनुवाद मी घाईने करत नाही.

हे सर्व इंग्रजीपुरते आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्या जुन्या इनामपत्रांत गाव देताना 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप' यांसह दिल्याचे लिहीत, म्हणजे पाण्यापासून जमिनीत पुरलेल्या धनापर्यंत सगळे. त्याच्या जोडीला 'हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी' असे शब्द येत: आज बसवलेले कर आणि पुढे बसवले जातील ते कर. भविष्यकाळालाही दोन शब्दांत कवेत घेणारी ही योजना मला कोणत्याही इंग्रजी दस्तातील वाक्यापेक्षा सुबक वाटते. आणि इतके सगळे देऊन झाल्यावर तीच सनद 'खेरीज हक्कदार व इनामदार करून' असे म्हणून आधीच्या लोकांचे हक्क शाबूत ठेवत असे.

शब्दांच्या घडणीतही हा भेद आपल्याकडे आहे. 'वगैरे' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याचा मूळ अर्थ 'आणि त्याहून वेगळे' असा आहे. 'इत्यादी' हा संस्कृत शब्द 'इति' आणि 'आदि' यांचा असून 'हे ज्यांच्या आरंभी आहे असे' हा त्याचा भाव आहे, म्हणजे पुढचे सगळे त्या आरंभाच्या मागून चालणारे. पाणिनीच्या व्याकरणात 'सर्वादीनि सर्वनामानि' हे सूत्र आहे आणि त्यातील 'आदि'ने सुरू होणारी यादी परंपरेने ३५ शब्दांवर बंद होते. काही गण, म्हणजे अशा शब्दयाद्या, मात्र आकृतिगण म्हणून उघडे ठेवले आहेत. त्यांत नसलेला शब्दही, त्याची घडण आधीच्या शब्दांसारखी असेल तर, त्या गणात धरता येतो. रूपसाम्यावरून आत घेणे हे न्यायालयाच्या नियमाशी किती जुळते, हे लक्षात आल्यावर मला फार आनंद झाला. आजच्या मराठीत 'वगैरे' आणि 'इत्यादी' आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, त्यामुळे या भेदावर दस्ताचा अर्थ टांगून ठेवता येत नाही. तरीही त्याच प्रकारच्या गोष्टी अभिप्रेत असतील तेव्हा मी 'इत्यादी'च लिहिते.

आत्याच्या बागेकडे परत येते. आंबा आणि काजू या दोन नावांत फळझाडांची जात उघड दिसते. करार एका हंगामाचा होता, पैसे फळाच्या अंदाजाने ठरले होते आणि तोडलेले झाड हंगाम संपल्यावर परत देता येत नाही. तेव्हा 'इतर सर्व झाडे' यात विहिरीजवळचा फणस किंवा माड येतो का, याबद्दल वाद घालता आला असता, पण लाकडासाठी तोडायचा ऐन येत नाही, असे मी त्या व्यापाऱ्याला समजावून सांगितले. शिवाय १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत ऐनाचे नाव असल्याने परवानगीशिवाय तो आत्यालाही तोडता आला नसता. व्यापाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले. मसुदा त्याने स्वतः लिहिला नव्हता, पूर्वीच्या कुठल्या तरी करारातून तो जसाच्या तसा उतरवून घेतला होता. माझ्या अनुभवात अशा बहुतेक वाक्यांचा इतिहास असाच असतो. १९०८ च्या नोंदणी अधिनियमात जंगम मालमत्तेची व्याख्या करताना 'झाडावरचे फळ आणि झाडातील रस' असे शब्द आहेत. हापूस आणि माडी यांच्या मुलखात इतके नेमके शब्द कायद्यात तयार असताना आपण 'इतर सर्व' का लिहावे, हे मला समजत नाही.

त्याच दुपारी ओट्यावर बसून आम्ही मराठीत एक पुरवणी करार लिहिला. 'बागेतील हापूस व पायरीची कलमे आणि काजूची झाडे यांवरील चालू हंगामाचे फळ व्यापाऱ्याने घ्यावे. खेरीज जमीन, पाणी, झाडे व लाकूड यांवर त्याचा हक्क नाही.' मी ते वाचून दाखवले. आत्याने एकदा ऐनाकडे पाहिले आणि 'लाकूड'च्या पुढे 'पाला' लिहायला सांगितले, कारण तरव्याच्या भाजावळीसाठी, म्हणजे भाताची रोपे करायची जमीन भाजण्यासाठी, तिला त्याच ऐनाची कवळे, पाल्याच्या डहाळ्या, तोडायची होती. मी 'पाला' लिहिले आणि दोघांनी सह्या केल्या.