समुद्रात गेलेल्यांची नावं दगडावर लिहिताना

जहाजबुडीच्या स्मारकात एक अडचण पहिल्यापासूनच असते. तिथे बहुतेकदा समाधी नसते. सगळे मृतदेह मिळत नाहीत, आणि मिळाले तरी लाटांनी ते लांब कुठेतरी नेलेले असतात. घरच्यांना हात ठेवायला जागा उरते ती फलकावरच्या नावाची. म्हणून असं स्मारक करणाऱ्याने पहिला पैसा उंचीवर घालू नये. तो नावांच्या यादीवर घालावा, दगडाच्या पकडीवर घालावा आणि अक्षरांच्या खोलीवर घालावा. नागपूरपासून समुद्र पाचशे किलोमीटरहून लांब आहे, पण इथली पोरं नौदलात जातात आणि इथल्या माजी सैनिक संघटना, शाळा, ग्रामपंचायती स्मृतिफलक करून घेतात. समुद्रकाठच्या स्मारकांचं काय होतं हे इथल्या पाथरवटांनाही माहीत असावं.

स्कॉटलंडच्या लुईस बेटाचं उदाहरण या बाबतीत फार शिकवणारं आहे. पहिलं महायुद्ध संपलं आणि घरी निघालेल्या नौसैनिकांना घेऊन 'आयोलेर' हे नौदलाचं जहाज ३१ डिसेंबर १९१८ च्या संध्याकाळी काईल ऑफ लोकाल्शहून सुटलं. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे दोनच्या सुमारास ते होम नावाच्या टोकाजवळच्या खडकांवर आदळलं. लुईसचं स्टॉर्नोवे बंदर तिथून जेमतेम मैलभर आणि किनारा तर काही यार्डांवर. सुमारे २८० माणसं जहाजावर होती. लाइफबोटी १०० जणांपुरत्या, लाइफ जॅकेटं ८०. जॉन फिनले मॅक्लाउड नावाचा नौसैनिक फेकदोर घेऊन पोहत किनाऱ्याला लागला, त्या दोरीने मग जाड दोरखंड ओढून घेतला आणि त्याला धरून सुमारे ४० जण वाचले. २०१ माणसं गेली. युद्धाने आधीच खूप तरुण नेलेल्या बेटावर नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी ही बातमी घरोघर पोचली.

होमच्या टोकावर स्मारक उभं राहिलं ते १९५८ मध्ये, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. ज्या खडकांवर जहाज फुटलं त्यांच्यावरही दगडी खांब आहे आणि बंदरात शिरणाऱ्या फेरीबोटीच्या उजव्या बाजूला तो दिसतो. शताब्दीच्या वेळी होमच्या टोकावर ब्राँझमधली वेटोळं घातलेली दोरी बसवली गेली. माझ्या मते सागरी स्मारकांत इतकी नेमकी कल्पना क्वचितच सापडेल. फेकदोर बारीक असतो, टोकाला वजनाची गाठ असते. तो एकटा माणसाचा भार पेलत नाही, त्याचं काम जाड दोर पलीकडे पोचवण्याचं. कोण कसा वाचला हे त्या एका वस्तूत आहे. घडलं कुठे, घडलं कसं आणि कोण गेलं, या तिन्हींची उत्तरं जागेवर मिळायला हवीत. आपल्याकडे स्तंभ, मशाल आणि बंदुकीवर शिरस्त्राण हा एकच नमुना सगळ्यांना लावतात. त्यात पहिल्या दोन प्रश्नांना जागाच राहत नाही.

भारतात याच्या जवळचं स्मारक दीव बेटावर आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'आयएनएस खुकरी' ही फ्रिगेट जातीची युद्धनौका पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीच्या टॉर्पेडोने दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच राहिले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवच्या किनाऱ्यावरच्या टेकाडावर काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती आहे. त्याच नावाची पुढची खुकरी डिसेंबर २०२१ मध्ये सेवेतून निवृत्त झाल्यावर दीव प्रशासनाकडे सोपवली गेली. आणि मुंबईत इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचं स्मारक आहे. त्यातले कितीतरी आगवाले, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे, आणि डेकवरचे साधे खलाशी. मुंबईला जाणाऱ्या नागपूरकरांनी तिथे एकदा तरी जावं, असं मला मनापासून वाटतं.

आता टिकण्याचं बघू. खारी हवा दगडाला दोन वाटांनी खाते. मीठ पाण्यासोबत दगडाच्या छिद्रांत जातं, पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि वरचा पापुद्रा सुटतो. वाळूचा दगड आणि चुनखडी यात लवकर जातात, ग्रॅनाइट आणि काळा पाषाण तग धरतात. दुसरी वाट पकडीतल्या लोखंडाची. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे आतली लोखंडी खुंटी चांगल्या दगडाचा कोपरा उडवते. दगडाला आपण दोष देतो, पण गुन्हा त्या खुंटीचा असतो. समुद्राजवळ ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात. तिथे ३१६ च लागतं, कारण त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो. दमट आतली जागाही फलकांना सुरक्षित नसते. लुईसचं १९२४ चं युद्धस्मारक म्हणजे ८५ फुटी मनोरा. त्याचा आतला भाग पुढे खराब झाला आणि नावांचे ब्राँझ फलक बाहेर उभ्या दगडांवर आणून लावावे लागले.

नागपुरात मीठ नाही, पण ऊन आहे. मे महिन्यात काळ्या ग्रॅनाइटचा पृष्ठभाग दुपारी ६५ अंशांच्या आसपास सहज तापतो, डिसेंबरच्या पहाटे तोच १० अंशांवर येतो. फरक ५५ अंशांचा. १.२ मीटर लांबीची पितळी पाटी एवढ्या फरकात सव्वा मिलिमीटर वाढते, तेवढाच लांब ग्रॅनाइट जेमतेम अर्धा. पाटी चारही कोपऱ्यांत घट्ट स्क्रूने आवळली तर तिला वाढायला जागा नाही, मग ती मधून फुगते किंवा स्क्रू उपटते. एकच भोक घट्ट ठेवा, बाकीची लांबट करा किंवा स्क्रूपेक्षा २ मिलिमीटर मोठी, खाली नायलॉनचा वॉशर घाला. नुसत्या गोंदावर चिकटवलेली सुटी पितळी अक्षरं तर काही उन्हाळ्यांत एकेक करून गळतात. मागे खुंटी असलेलं अक्षर घ्या, दगडात भोक पाडा, इपॉक्सी त्या भोकात भरा.

ग्रॅनाइटच्या लादीचंही तसंच. ४ बाय २ फुटांची, २० मिलिमीटर जाडीची काळी लादी चाळीस किलोच्या वर भरते. आपल्याकडे ती मागे सिमेंटचे पाच गोळे लावून भिंतीला दाबून बसवायची पद्धत आहे. गोळ्यांमधली पोकळी पावसाळ्यात पाणी धरते, त्या पाण्यातून सिमेंटमधले क्षार बाहेर येतात आणि लादीच्या कडांना पांढरी रांगोळी उमटते. पाया हलला की तडा थेट नावांतून जातो. लादीला चार स्टेनलेस डॉवेल, म्हणजे खुंट्या, द्या, ८ मिलिमीटर जाड, भिंतीत निदान ५० मिलिमीटर खोल. लाद्यांमध्ये ५ मिलिमीटरची सांध सोडा आणि ती न्यूट्रल सिलिकॉनने भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल संगमरवर आणि पितळ दोन्ही खातं. खालच्या कडेला पाणी निघायला दोन भोकं ठेवा. ती बुजवायचा मोह गवंड्याला हमखास होतो, तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात जास्त चुका अक्षरांत होतात. सँडब्लास्टिंगला आधी दगडावर रबराचा स्टेन्सिल चिकटवतात, अक्षराचा भाग कापून काढतात आणि उरलेल्या उघड्या दगडावर गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा मारा करतात. साधी वाळू वापरू नका, तिच्या धुळीने कारागिराला सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. देवनागरीत घोळ होतो तो गोलाच्या आतल्या रबरात. 'ब' बघा. त्याच्या पोटात तिरकी रेघ असते, म्हणजे आत रबराचे दोन चिमुकले तुकडे उरतात. त्यांना धरायला जागाच नसते. मारा सुरू झाला की ते उडतात आणि 'बाबाराव'चे दोन्ही 'ब' भरीव गोळे होतात, 'व' आहे की 'ब' हे कुणाला कळत नाही. 'ष', 'भ', 'ध' यांचीही तीच गत. उपाय फार अवघड नाही. पोट मोठं असलेला टाइप निवडा, आतला रबराचा तुकडा कुठेही ३ मिलिमीटरपेक्षा अरुंद नको, दगड आधी थिनरने पुसा, स्टेन्सिल रोलरने दाबा, थंडीत दगड थोडा कोमट करा. नोझल १५ ते २० सेंटिमीटरवर आणि सरळ काटकोनात धरा. तिरपं धरलं तर मारा रबराच्या कडेखाली शिरतो.

अनुस्वाराचं उलट होतं. भोक इतकं लहान की त्यात पुरेसा मारा पोचत नाही, टिंब उथळ राहतं आणि रंग गेला की 'शिंदे'चा 'शिदे' होतो. टिंब निदान ४ मिलिमीटरचं ठेवा आणि त्यावर नोझल जरा जास्त वेळ धरा. २५ मिलिमीटरच्या अक्षराला २ मिलिमीटर खोली असली की रंग उडाल्यावरही तिरप्या उजेडात नाव वाचता येतं. खरी परीक्षा तीच. ओळींतलं अंतर अक्षराच्या उंचीच्या पावणेदोन पट तरी लागतं, नाहीतर वरच्या 'विष्णू'चा उकार खालच्या 'कीर्ती'च्या वेलांटीला आणि रफाराला भिडतो.

किती मोठं अक्षर, हे वाचणारा कुठे उभा राहणार यावरून ठरवा. झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकावर २३ नोव्हेंबरला होणारी गर्दी नागपूरकरांनी पाहिली आहे. १९९४ मध्ये गोवारी समाजाच्या मोर्च्यातल्या चेंगराचेंगरीत गेलेल्या ११४ जणांसाठी लोक अजून येतात. अशा दिवशी मागच्याला तीन मीटरवरून वाचावं लागतं, त्यासाठी २५ मिलिमीटर पुरतं. नावांच्या ओळी जमिनीपासून दोन ते सहा फुटांच्या पट्ट्यात बसवा. घरचं माणूस नावावरून हात फिरवतं, तेव्हा म्हाताऱ्या आईचा हात वरच्या ओळीला पोचला पाहिजे.

आणि यादी. लुईसवर एकाच नावाचे अनेक जण होते, डोनाल्ड मॅक्लाउड एक नव्हता. म्हणून तिथल्या नोंदींत नावासोबत गावही येतं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव असं पूर्ण द्या. 'एस. डी. राऊत' असं कोरलेलं नाव तीस वर्षांनी कुणाचंच उरत नाही. महायुद्धांतल्या राष्ट्रकुलाच्या सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या दगडांवर जनरल आणि शिपाई दोघांनाही एकच माप असतं, २ फूट ८ इंच बाय १ फूट ३ इंच. फलकावरही अधिकाऱ्याचं अक्षर मोठं आणि खलाशाचं लहान असं करू नका. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. जुन्या फॉन्टमधून बदलताना 'कऱ्हाडे'चे 'कर्हाडे' होतात आणि मराठी न वाचणाऱ्या ऑपरेटरला ते दिसत नाही. छापील प्रत प्रत्येक कुटुंबाला दाखवून सही घ्या. व्हॉट्सॲपवरच्या 'ओके'वर दगड कापू नका.

एकूण आकडा मात्र शक्यतो कोरू नका. आयोलेरच्या बाबतीत कितीतरी वर्षं २०५ हा आकडा सांगितला जाई, नंतरच्या तपासात तो २०१ झाला. शेवटच्या नावाखाली दोन-तीन ओळींची कोरी जागा ठेवा, नवं नाव सापडलं तर तिथे लिहिता येतं.

धुवायला पाणी, सौम्य साबण आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. फरशीचं ॲसिड संगमरवराला कधीच लावू नका, आणि ग्रॅनाइटवरही त्याने पितळ काळं पडतं. बोअरचं जड पाणी वापरलं तर लगेच कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर अक्षरांत पांढरे डाग बसतात. ब्राँझला वर्षातून एकदा मेण द्या, पावसाळ्याच्या आधी. स्टेन्सिलची मूळ फाइल, टाइपचं नाव आणि डॉवेल कुठे कुठे आहेत त्याचा मापासकट नकाशा दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत काम करणाऱ्याकडे आणि दुसरी शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात.