चुलीपाशी कोण कुठे बसणार, हे ठरलेलं

मागे जपानमधल्या शिराकावा-गोला गेलो होतो, १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे ते गाव. तिथल्या जुन्या घरात शिरलो आणि आधी चक्क मातीच्या जमिनीवरच उभा राहिलो. हा 'दोमा', चूल, अवजारं, ओली कामं सगळं इथेच, बूट घालूनच. मग बूट काढून एक चांगली उंच पायरी चढायची की लाकडी जमीन, आणि मधोमध 'इरोरी', म्हणजे जमिनीत चौकोनी खड्ड्याची चूल, त्यात राख, वरून हुकाला लटकलेली काळीकुट्ट किटली. गंमत म्हणजे पूर्वी इरोरीभोवती बसायच्या जागा फिक्स, दोमाकडे तोंड करून बसायचं ते घरच्या कर्त्याने, बायकोची जागा वेगळी, पाहुण्याची वेगळी, आणि सरपणाच्या बाजूला बहुतेक सून किंवा गडीमाणसं (धूर खायला अर्थात तीच!). पण त्याच धुराने गवती छपराला कीड लागत नाही.

बऱ्याच जुन्या शेतकरी घरांत आत चार खोल्या, '田' या जपानी अक्षरासारख्या (चौकोनाचे चार भाग). मधे भिंती नाहीत, सरकते कागदी दरवाजे, लग्न-मयताला ते काढले की एकच हॉल. सगळ्यात छान खोली मात्र पाहुण्यांसाठी राखीव, घरची माणसं झोपायची मागच्या अंधाऱ्या खोलीत. आणि माळ्यावर तेव्हा रेशमाचे किडे पाळायचे, ऐसपैस!