पायथन ३.१० वरून ३.१२ वर: फोटोमेट्रीच्या प्रकल्पाची प्रगती

रूपविकारी (तेज बदलत राहणाऱ्या) ताऱ्यांच्या फोटोमेट्रीसाठी, म्हणजे त्यांचा प्रकाश मोजण्यासाठी, मी लिहिलेले सगळे प्रोग्राम आता पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.१२ या आवृत्तीवर चालू लागले आहेत. या टप्प्यात कोणत्या गाठी कशा सोडवल्या, हे असेच प्रकल्प बाळगणाऱ्यांसाठी येथे नोंदवतो.

संगणकावर उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमच्या २२.०४ च्या जागी २४.०४ आले आणि त्यासोबत सिस्टीमचे पायथन ३.१० वरून थेट ३.१२ झाले. पहिले लक्षण असे दिसले की व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पाची पॅकेजेस वेगळी ठेवणारे फोल्डर) सुरू व्हायचे, पण आकडेमोडीचे नमपाय, खगोलशास्त्राचे अ‍ॅस्ट्रोपाय आणि पॅकेजेस बसवणारे खुद्द पिपही सापडत नाही असे सांगायचे. पॅकेजेस जागेवरच होती. एन्व्हायर्नमेंटमधले पायथन ही सिस्टीमच्या पायथनकडे बोट दाखवणारी लिंक असते. ती आता ३.१२ कडे जात होती, आणि ३.१२ आपली पॅकेजेस स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये शोधते, तर माझी सगळी ३.१० च्या फोल्डरमध्ये होती. अशा वेळी फाइली इकडून तिकडे हलवण्यात अर्थ नसतो, कारण सी भाषेतून कंपाइल झालेले भाग त्या त्या पायथनसाठीच बनलेले असतात. एन्व्हायर्नमेंट नव्याने बांधणे हाच मार्ग.

खरा संघर्ष त्यानंतर सुरू झाला. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती हवी हे सांगणाऱ्या जुन्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये नमपाय १.२२.४ वर पक्के बांधलेले होते. ३.१२ साठी त्याचे व्हील (आधीच बांधून ठेवलेली, थेट बसवता येणारी फाइल) नाही, म्हणून पिपने मूळ सोर्स उतरवून बांधायला घेतला आणि पायथनच्या 'पीकेजीयुटिल' या मोड्यूलमध्ये 'इम्पइम्पोर्टर' नाही, असे म्हणून ते थांबले. हा एरर नमपायचा वाटतो, पण नमपायच्या बांधणीसाठी मागवलेले सेटअपटूल्स हे पॅकेज बांधणीचे जुने साधन ३.१२ मधून काढून टाकलेली गोष्ट शोधत असते, हे त्याचे मूळ आहे. पिपला 'ओन्ली-बायनरी' (फक्त तयार व्हील घ्यायचे) हा पर्याय दिला की ते सोर्सच्या वाटेला जातच नाही आणि अडचण काही सेकंदांत स्पष्ट शब्दांत समोर येते. हा पर्याय मी आता प्रत्येक अपग्रेडच्या सुरुवातीला वापरतो.

दुसरी गाठ पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या पॅकेजची होती, आणि ती मला सर्वांत बोधप्रद वाटली. पांडाज २.१.१ ची नमपायविषयीची अट पायथनच्या आवृत्तीनुसार बदलते: ३.१० वर त्याला नमपाय १.२२.४ चालते, पण ३.१२ वर किमान १.२६.० लागते. म्हणजे फाइलमधील एकही ओळ न बदलता, केवळ पायथन बदलल्यामुळे, काल जुळणाऱ्या दोन अटी आज एकमेकींना छेद देतात. त्यामुळे पिपचा संदेश वाचताना कोणते पॅकेज काय मागते एवढेच नव्हे, तर कोणत्या पायथनवर मागते हेही पाहावे.

येथून मी क्रम बदलला. नमपाय १.२६ हे पायथन ३.९ पासून ३.१२ पर्यंत चालते, म्हणजे दोन्ही काठांना टेकणारी ही आवृत्ती आहे. पायथनच्या अनेक आवृत्त्या शेजारी ठेवू देणाऱ्या पायएनव्हीच्या साहाय्याने ३.१० पुन्हा उभे केले, त्यावर आधी फक्त पॅकेजेस वर नेली, आणि अल्गोल या रूपविकारी ताऱ्याच्या जुन्या प्रतिमांवरून प्रकाशवक्र (वेळेनुसार तेज कसे बदलते याचा आलेख) काढून आधीच्या आकड्यांशी ताडून पाहिला. पांडाजच्या २.० मधून डेटाफ्रेमला (तक्त्याला) ओळी जोडणारे 'अपेंड' गेलेले असल्याने तेथे 'कॉनकॅट' घालावे लागले. हे सगळे स्थिर झाल्यावरच पायथन बदलले. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या असत्या, तर वक्रातला फरक कोणामुळे पडला हे सांगता आले नसते.

३.१२ मधून 'डिस्टयुटिल्स' आणि 'इम्प' ही मोड्यूल्स गेली आहेत. आवृत्त्यांची तुलना करण्यासाठी एका जुन्या छोट्या लायब्ररीत 'डिस्टयुटिल्स'चा वापर होता. सेटअपटूल्स बसवले की ते तात्पुरते परत मिळते, पण ती उसनवारी मला नको होती. 'पॅकेजिंग' या पॅकेजमधील सोय वापरून तो भाग बदलून टाकला.

नमपाय २ वर मात्र अजून गेलेलो नाही, आणि त्याचे कारण इन्स्टॉलेशनपेक्षा गंभीर आहे. माझा प्रोग्राम ताऱ्याच्या सर्वांत उजळ पिक्सेलच्या आकड्यात सुरक्षिततेसाठी १,००० मिळवतो आणि बेरीज ६५,५३५ (सोळा बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा) च्या पुढे गेली, तर तो तारा संपृक्त, म्हणजे कॅमेऱ्याच्या मापनमर्यादेला पोचलेला, मानून वगळतो. पिक्सेलचा आकडा सोळा बिटांचा, समजा ६५,००० असेल, तर नमपाय १.२६ त्याची बेरीज ६६,००० देते. नमपाय २ मध्ये प्रकार ठरवण्याचे नियम बदलले असल्याने उत्तर सोळा बिटांतच राहते आणि ४६४ येते. सोबत ओव्हरफ्लोची (आकडा मर्यादेबाहेर गेल्याची) सूचना दिसते, पण प्रोग्राम थांबत नाही, आणि वगळायला हवा तो तारा मोजणीत शिरतो. पॅकेजेसच्या अटी जुळतात का हे पाहणारी 'पिप चेक' ही आज्ञा येथे कोणताही दोष दाखवणार नाही. सध्या अशा प्रत्येक बेरजेआधी आकडा पायथनच्या साध्या पूर्णांकात बदलण्याचे काम चालू आहे; संपृक्ततेची तपासणी पूर्ण झाली असून पार्श्वभूमी वजा करण्याचा भाग बाकी आहे.