बुचाची लाज

पहिल्या दोन महिन्यांत माझ्या हातून पाच काळुंदर मेले. सोडायचे म्हणून धरलेले, पण हूक थेट घशात. पक्कड आत घालून ओढला की कल्ल्यांतून रक्त यायचं, आणि पाण्यात सोडलेला मासा एका अंगावर कलंडून तरंगत राहायचा. पाचही घरी नेऊन खाल्ले. रवा लावून तव्यावर टाकताना बायको विचारायची, "आजचा पण सोडलेलाच ना?"

माझं गाव शापोरा नदीच्या काठी, नोकरी म्हापशात. घरात बोलणं कोकणी, वाचणं-लिहिणं मराठी. मामाबरोबर लहानपणापासून खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीच्या, बांधावर गरी घेऊन बसलेलो. मामाचं सामान म्हणजे डब्याला गुंडाळलेली तंगूस, गळाला सोललेलं सुंगट, म्हणजे कोळंबी, किंवा मळलेली कणीक, आणि बूच म्हणून पाण्यावर उभा राहणारा मोरपिसाचा देठ. देठ बुडाला की झटका. यात कौशल्य नाही असं मला वाटायचं, म्हणूनच दुबईहून परतलेल्या मावसभावाने पाच नंबरचा फ्लाय रॉड हातात ठेवला तेव्हा मी हरखून गेलो. या प्रकारात वजन गळाला नसतं, दोरीलाच असतं. जाड दोरी हवेत मागे-पुढे खेळवायची आणि तिच्या टोकाला बारीक तंगुशीवर बांधलेला पिसांचा, दोऱ्याचा खोटा किडा अलगद पाण्यावर ठेवायचा. मला ते जमायला अख्खा पावसाळा गेला. शेजारच्या पोरांनी अंगणात रॉड हलवणाऱ्या माणसाला काय काय नावं ठेवली, ते इथे लिहीत नाही.

खाजनात गरवायचं तर आधी विचारावं लागतं. बांधाला जिथे मानस असते, म्हणजे भरतीला आपोआप मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं लाकडी दार, तिथल्या मासळीचा हक्क लिलावात कुणीतरी घेतलेला असतो. त्याचं जाळं ओहोटीला दाराशी लागतं. आमच्याकडे ज्याने लिलाव घेतलाय त्याला भेटलो. तो म्हणाला, शेवटे आणि काळुंदर खुशाल गरव, पण मानशीच्या तोंडाकडे फिरकू नको, आणि चोणोक, म्हणजे जिताडा, लागला तर मला हाक मार. शेवटो हा गोव्याचा राज्यमासा, काळुंदराला केरळात करीमीन म्हणतात आणि तिथे त्याला तो मान. दोघेही खाजनात भरपूर. चोणोक अजून लागलेला नाही, त्यामुळे हाक मारायची वेळ आली नाही.

पाण्यावर तरंगणाऱ्या किड्याकडे आमच्या काळुंदराने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचं खाणं खाली, शेवाळात आणि चिखलात. म्हणून निम्फ, म्हणजे बुडणारा खोटा किडा, बांधायला शिकलो. चौदा नंबरचा हूक, तपकिरी दोरा, डोक्याशी मुलीच्या तुटलेल्या माळेतला पितळी मणी. मण्याच्या वजनाने तो बुडतो. मग मासा लागला हे कळायचं कसं? पुस्तकी उत्तर असं की दोरीचं टोक बघा, ते हललं की उचला. वाहत्या ओढ्यात ते चालत असेल. खाजनाचं पाणी उभं, दहानंतर वारा सुटला की त्यावर लहरी, आणि काळुंदराचं तोंड चिमुकलं. भातात खडा लागला की आपण जिभेने जसा पुढे लोटतो तसा तो किडा आत घेतो आणि बाहेर टाकतो. टाकला तर मला पत्ता नाही. नाही टाकला तर पत्ता लागेपर्यंत तो घशात.

यावरचा उपाय मला ठाऊक होता आणि तोच मला नको होता. निम्फच्या वर, तंगुशीवर एक तरंगणारी खूण बांधायची. इंग्रजीत तिचं नाव मोठं रुबाबदार आहे, स्ट्राइक इंडिकेटर. पुण्याचा एक मित्र आहे, दरवर्षी हिमाचलात ट्राउट गरवायला जातो. त्याला फोनवर विचारलं तर म्हणाला, "ते लावलंस की फ्लायफिशिंग संपलं. बूचच बघत बसायचं तर मामाची गरी काय वाईट होती?" हे वर्मी लागलं. बुचापासून लांब जायचं म्हणून तर हा सगळा खटाटोप केला होता.

पुढे वाचत गेलो तेव्हा दिसलं की हे भांडण जुनं आहे, फक्त निमित्त बदलत आलंय. इंग्लंडमध्ये हॅलफर्ड नावाच्या लेखकाच्या पंथाला तरंगणारी माशी, म्हणजे पाण्यावरचा खोटा किडा, तेवढी सभ्य वाटायची. स्क्यूज नावाच्या वकिलाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुडत्या किड्यांची बाजू घेतली, निम्फचा मार्ग पाडला, आणि १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वादसभा झाली. म्हणजे माझा मित्र ज्या निम्फला शुद्ध समजतो तोच एकेकाळी बाटलेला होता. आणखी एक गंमत. निम्फच्या वर लोकरीचा गोंडा बांधला तर ती लबाडी, पण त्याच जागी तरंगणारी माशी बांधून तिच्याकडे बघत बसलं तर ती कला. काम दोघांचं एकच. फरक एवढाच की माशीला हूक आहे. ही सोवळ्याची तऱ्हा आपल्याला काही नवीन नाही.

तरी मी महिनाभर अडून बसलो. पाचवा काळुंदर त्या महिन्यातला.

पहिलं इंडिकेटर पोर्ट वाईनच्या बाटलीच्या बुचाचं केलं. चकती कापली, तापलेल्या सुईने भोक पाडलं, वर बायकोचं नारिंगी नेलपॉलिश. गुडघाभर पाण्यात ते चपकन पडलं आणि चारी बाजूंना पाण्यावर रेघा उठल्या. सगळे पळाले. मग मुलीच्या शाळेच्या हस्तकलेतली लोकर घेतली, तंगुशीवर सरकफास घालून बोटभर गोंडा बांधला, जुन्या कंगव्याने पिंजला, व्हॅसलीन चोळलं. हा पडला तर आवाज नाही.

खरं काम खोलीचं आहे. निम्फ तळापासून चार बोटं वर लटकला पाहिजे. त्यासाठी निम्फलाच छोटी चिमटापक्कड लावून खाली सोडायची. ती चिखलाला टेकली की गोंडा तंगुशीवर सरकवत पाण्याच्या पातळीला आणायचा, मग चार बोटं आणखी खाली घ्यायचा. हे एकदा करून भागत नाही. बाहेर ओहोटी लागली आणि मानस उघडली की आतलं पाणी हळूहळू उतरतं, आणि तासाभरात तुमचा निम्फ चिखलात झोपलेला असतो. मासे गेले, मासे गेले म्हणत मी दोन सकाळी घालवल्या, तेव्हा हे डोक्यात शिरलं. आता दर अर्ध्या तासाने गोंडा खाली सरकवतो.

आणि गोंडा बुडायची वाट बघायची नाही. काळुंदर त्याला बुडवत नाहीच. लहरींबरोबर सरकणारा गोंडा मध्येच थांबतो आणि लहर पुढे निघून जाते. तेवढंच. तेव्हा रॉड नुसता उचलायचा. पहिल्यांदा तसा उचलला आणि तळहाताएवढा काळुंदर वर आला, हूक ओठाच्या कोपऱ्यात. हुकाचा उलटा काटा मी आधीच पक्कडीने दाबून सपाट केला होता. हात ओले करून धरला, हूक बोटांनीच सुटला, मासा शेपटी मारून गेला. पुढच्या महिन्यात चौदा धरले, त्यांतल्या एकाच्याच घशात हूक गेला. पुण्याच्या मित्राला हे कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

मामा एकदा बघायला आला. बराच वेळ गोंड्याकडे बघून म्हणाला, "हें बूच न्हय रे?" मी हो म्हटलं.

इथवर सगळं माझ्या बाजूने होतं. मग एका सकाळी बांधाच्या कडेला टाकलेला गोंडा थांबला, मी उचललं, आणि मासा बाहेर काढताना खाली पाणी दिसलं. चिखलात वाटीएवढे खळगे, आणि त्यांच्यावर पिल्लांचा ढग, मुगाच्या दाण्याएवढी असतील. काळुंदराची जोडी पिल्लं राखते, नर आणि मादी दोघंही. त्यांतला एक माझ्या हातात होता. दुसरा एकटाच गोल गोल फिरत होता आणि कुठूनतरी आलेली बारक्या माशांची टोळी ढगात घुसत होती. हूक सोडवायला दहा सेकंद लागले असतील. सोडलेला सरळ खळग्यांकडे गेला, पण तोवर ढग विस्कटला होता.

खळगे माझ्या पायापासून दोन हातांवर होते आणि अर्धा तास मला दिसले नव्हते, कारण अर्धा तास मी नारिंगी गोंड्याशिवाय काहीच बघितलं नव्हतं. मित्राच्या म्हणण्यात एवढं मात्र खरं निघालं, जरी त्याला हे म्हणायचं नव्हतं. तेव्हापासून बांधावर पोचलो की पहिली पंधरा मिनिटं रॉड जोडत नाही, नुसतं चालतो. खळगे दिसले तर तो तुकडा सोडून देतो. उन्हं चढली, पाणी कोमट झालं, की गुंडाळतो. कोमट पाण्यात दमलेला मासा सावरत नाही.

एक गोष्ट राहिलीच. ती लोकर म्हणजे ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिक. खारफुटीच्या मुळांत माझे निदान तीन गोंडे अडकून आहेत, नारिंगी असल्यामुळे लांबून दिसतात. मामाला सांगितलं तर त्याने डब्यातून मोरपिसाच्या देठाचा तुकडा काढून दिला. हलका, पडताना आवाज नाही, आणि तुटून पडला तर कुजेल. आता तोच लावतो.

मामाला मात्र इंडिकेटर, निम्फ यांतलं काहीच खटकत नाही. त्याला खटकतं ते माझं सोडणं. "खावपाचो ना जाल्यार ताका कित्याक ओडटा रे?" असं तो दर वेळी विचारतो, आणि मी हुकाचा काटा दाबल्याचं, ओल्या हातांचं सांगू लागलो की कणकेची गोळी वळायला लागतो. गेल्या रविवारी शेजारी शेजारी बसलो होतो, दोघांचे देठ एकाच मोराचे. मामाला चार लागले, मला दोन. माझे दोन पाण्यात गेले, त्याचे चार पिशवीत. निघताना त्यातले दोन त्याने माझ्या बायकोसाठी दिले.