वळीव मॉडेलात आणि इन्सॅटवर: गोव्याच्या चौकटीची प्रगती

मॉडेल गोव्यावर जिथे आणि जेव्हा ढग दाखवते, तिथे आणि तेव्हाच ते इन्सॅट उपग्रहाला दिसतात का, हे तपासायचे आहे. सध्याची मांडणी: डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलच्या दोन चौकटी (गणिताचे प्रदेश), बाहेरची ९ किमीच्या जाळीची, आतली ३ किमीच्या, सीमेवरची माहिती जीएफएस या जागतिक मॉडेलच्या ०.२५ अंशाच्या जाळीतून. जीएफएसचे ढग थेट उपग्रहाच्या चित्राशेजारी ठेवण्याचा मोह आवरावा. ०.२५ अंश म्हणजे आपल्याकडे सुमारे २७ किमी, आणि गोवा पूर्व-पश्चिम जेमतेम ६०-६५ किमी. वाळपई आणि चोर्ला घाट एकाच चौकोनात बसतात, मग ढग कुठे उठला हे विचारायचे तरी कुणाला?

आतल्या चौकटीत क्युम्युलस स्कीम (जाळीत न मावणारे ढग अंदाजाने धरणारे सूत्र) बंद, बाहेर केन-फ्रिट्श नावाची स्कीम. आतली पूर्व सीमा बेळगाव-धारवाडच्या पुढे न्यावी. ती घाटाच्या उतारावर पडली की नसलेला पाऊस उमटतो. रन ००झेडला (जागतिक वेळेची मध्यरात्र), म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू केला तर पहिले सहा तास मॉडेल स्थिरावण्यातच जातात आणि तोवर घाटमाथ्यावर ढग वाढू लागलेले असतात. म्हणून आदल्या संध्याकाळचा १२झेडचा रन.

खरा गुंता पुढे आहे. मॉडेलचे ढगांचे प्रमाण आणि इन्फ्रारेड चित्र या दोन वेगळ्या गोष्टी. त्यांची तुलना होत नाही. त्यामुळे मॉडेलमधून ओएलआर (पृथ्वीवरून अवकाशात जाणारे उष्णतेचे प्रारण) घ्यायचा, दर १५ मिनिटांनी. तो आधी ४ किमीच्या जाळीवर सरासरीने आणायचा (तापमान काढून मग सरासरी घेऊ नये), मग स्टीफन-बोल्ट्झमन स्थिरांकाने भागून चौथे मूळ काढायचे. हे झाले फ्लक्स तापमान, फ. त्यावरून तेजस्विता तापमान (उपग्रहाच्या इन्फ्रारेडला दिसणारे), त: फ = त × (१.२२८ − ०.००११०६ × त). वर्गसमीकरण सोडवले की १२० वॅट प्रति चौरस मीटरचे सुमारे २१७ केल्व्हिन येतात, २८० चे २९३. कोड लिहून झाला की हेच दोन आकडे घालून तपासा.

इन्सॅट-३डीआरची फाइल इस्रोच्या मॉसडॅक संकेतस्थळावरून, एचडीएफ५ स्वरूपात. टीआयआर-१ या इन्फ्रारेड पट्ट्यातले आकडे तापमान नाहीत, ते मोजणीचे अंक. त्याच फाइलमधल्या तक्त्यातून केल्व्हिन काढावे लागतात. फाइलच्या नावातली वेळ स्कॅन सुरू झाल्याची. पृथ्वीच्या पूर्ण चकतीला साधारण २६ मिनिटे लागतात, आणि उत्तरेकडून खाली येताना गोव्याची पाळी नऊ-दहा मिनिटांनी येते. मॉडेलचा त्या वेळेजवळचा फ्रेम घ्यावा.

मग पॅरलॅक्स, म्हणजे तिरक्या नजरेमुळे उंच ढग सरकलेला दिसणे. १५ किमी उंचीचा ढगमाथा ७४ अंश पूर्व रेखांशावरच्या ३डीआरला सुमारे ५ किमी उत्तरेला दिसतो, ४५.५ अंशांवरच्या युरोपीय मेटिओसॅटला ११ किमी, बहुतांशी पूर्वेला. ही दुरुस्ती न करता मेटिओसॅट वापरला तर सत्तरीतला ढग घाट चढून गेलेला दिसतो आणि शिव्या मॉडेलला बसतात.

गुण देताना बिंदूवार तुलना सोडली. ढग १० किमी बाजूला पडला तर मॉडेल दोनदा मार खाते: नव्हता तिथे दाखवला, होता तिथे चुकवला. त्याऐवजी फ्रॅक्शन्स स्किल स्कोअर (खिडकीतला ढगांचा वाटा दोन्हीकडे किती जुळतो याचे गुण), १२, २८ आणि ५२ किमीच्या खिडक्यांवर. ५२ वर गुण छान येतात, पण ती खिडकी जवळजवळ गोव्याच्या रुंदीएवढी, तेव्हा त्यावर फुशारकी नको. उंबरठे २३५ आणि २२१ केल्व्हिन, त्याहून थंड तो ढग धरायचा. शिवाय दोन्हीकडचे सर्वांत थंड ५ टक्के पिक्सेल, म्हणजे ढग किती पसरला आणि कुठे उठला हे प्रश्न वेगळे राहतात.

एप्रिल-मेच्या वळवात ९ किमीच्या चौकटीतले ढग दुपारीच फुटून मोकळे होतात. उपग्रहावर खारे वारे आत शिरून घाटाशी भिडल्यावर, तिसऱ्या प्रहरी माथे थंड पडतात. ३ किमीत वेळ बरीच सुधारते. परतीच्या पावसातही हीच पद्धत चालते.

जून-सप्टेंबरला मात्र ती कोलमडते. तेव्हाचा घाटातला बराच पाऊस बुटक्या, कोमट माथ्याच्या ढगांतून पडतो, त्यामुळे २३५ केल्व्हिनला सांगे-धारबांदोड्यातला मुसळधार दिसतच नाही. उलट उंचावरचे पूर्वेचे वारे पठारावरच्या ढगांच्या ऐरणी (माथ्यावरचे पसरट भाग) गोव्यावर आणतात. चित्र थंडगार, खाली कोरडे. पातळ ऐरण ओळखायला टीआयआर-१ वजा टीआयआर-२ (शेजारचा इन्फ्रारेड पट्टा) पाहावे: फरक २-३ केल्व्हिन किंवा जास्त असेल तर पातळ सिरस (उंचावरचा बर्फकणांचा ढग), शून्याजवळ असेल तर भरीव ढग. बुटक्या ढगांना ही युक्ती लागू नाही. पावसाळ्यासाठी आता इन्फ्रारेड बाजूला ठेवून मॉडेलची परावर्तकता (पावसाकडून रडारला परत येणाऱ्या लहरींचे मोजमाप) पणजीच्या डॉप्लर रडारशी जुळवायची आहे. आधी घाटाआड रडारची शलाका अडते ते भाग वगळणारा मुखवटा तयार करायला घेतला आहे.