शिकोकूची वाट: एकटीची वारी

दिवेघाट चढताना पाय दुखतात, पण ते कळतं वर पोचल्यावर. पुढे विणेकरी, मागे पखवाज, शेजारी डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, आणि वळणावळणावर पसरलेली पताकांची रांग. घाट आपण चढत नाही, दिंडी आपल्याला चढवते. जपानच्या शिकोकू बेटावर ही सोय नाही. फुजिइदेरा या अकराव्या मंदिराच्या मागून शोसान्जी या बाराव्या मंदिराची पायवाट सुरू होते, तेव्हा समोर असतं ‘सुगी’ म्हणजे जपानी देवदाराच्या उंच, सरळसोट झाडांचं रान. आवाज दोनच, काठीचं टोक मातीत टेकल्याचा आणि आपल्या श्वासाचा.

ही यात्रा अठ्ठ्याऐंशी मंदिरांची. सगळं चालायचं तर सुमारे १२०० किलोमीटर. ती कूकाई या बौद्ध भिक्षूच्या नावाने चालते. त्यांचा काळ ७७४ ते ८३५. ८०४ साली ते चीनला गेले, तिथे मंत्रमार्ग शिकले, संस्कृतही शिकले, आणि परत येऊन त्यांनी जपानमध्ये शिंगोन पंथ उभा केला. लोक त्यांना कोबो दाइशी म्हणतात, आणि जिव्हाळ्याने नुसतंच ‘ओदाइशी-सान’. आपल्या वारीला पंढरपूर हे टोक आहे, डोळे कळसाकडे लागलेले असतात. शिकोकूला टोकच नाही. वाट बेटाला वळसा घालून जिथून निघालो तिथेच येते. म्हणून तिचं नातं वारीपेक्षा नर्मदा परिक्रमेशी जवळचं वाटतं. एका दमात पुरी करणारे असतात, तसे एकेक प्रांत करत वर्षानुवर्षं चालणारेही असतात. मी पहिला प्रांत घेतला, अवा, म्हणजे आजचा तोकुशिमा. तेवीस मंदिरं. चार प्रांत या साधनेचे चार टप्पे मानले जातात आणि अवा हा मनात संकल्प जागा होण्याचा टप्पा. तिथून पुढे समुद्राकाठाने मुरोतोच्या टोकापर्यंत जायचं मी ठरवलं होतं.

र्योझेन्जी या पहिल्या मंदिरात यात्रेकरूचा सगळा सरंजाम मिळतो: पांढरा अंगरखा, गवती टोपी, काठी, नावाच्या चिठ्ठ्या, शिक्के घ्यायची वही. पांढरा रंग कफनाचा आहे. पूर्वी वाटेतच मेलेल्या यात्रेकरूला त्याच कपड्यांत पुरत आणि त्याची काठी थडग्यावर रोवत. जुन्या पायवाटांच्या कडेला अशी शेवाळलेली लहान थडगी आजही दिसतात, आणि प्रत्येकापाशी मी थांबत होते. काठीच्या माथ्यावर खाचा असतात आणि त्यांवर सिद्धम् लिपीतली पाच बीजाक्षरं: अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. अक्षरांचं वळण जुनं, पण आपल्या ओळखीचं. पंचमहाभूतं हातात धरून चालायचं, हे मला फार आवडलं.

ही काठी म्हणजे स्वतः दाइशी. यात्रेकरू एकटा नसतो, दोघं चालत असतात, असं टोपीवर लिहिलेलंच असतं. म्हणून मुक्कामी पोचल्यावर आधी काठीचं टोक धुवायचं, पुसायचं, आणि मग आपले पाय. पुलावरून जाताना काठी टेकवायची नाही, कारण एकदा रात्री आसरा न मिळाल्याने दाइशी पुलाखाली झोपले होते, ते अजूनही तिथे झोपलेले असतील. हे ऐकून कुणी जपानी भाविक हसत नाही. मलाही हसू आलं नाही. ज्यांनी १२९६ साली आळंदीत समाधी घेतली त्या माउलींच्या पादुका रथातून पुढे चालतात, आणि आपण त्यांच्याबरोबर निघालो आहोत असं आम्ही दरवर्षी म्हणतो आणि मानतो. दाइशीही ८३५ मध्ये कोयासान पर्वतावर ध्यानाला बसले ते उठलेच नाहीत अशी श्रद्धा आहे. त्यांच्यासाठी तिथे आजही रोज जेवण वाढून नेतात. सातशे वर्षं जुनी एक संजीवन समाधी आणि बाराशे वर्षं जुनं एक ध्यान. ज्या घरात मी वाढले तिथे पहिलं खरं होतं, त्यामुळे दुसरं खरं मानायला मला कसलेच आढेवेढे घ्यावे लागले नाहीत.

पहिली दहा मंदिरं योशिनो नदीच्या खोऱ्यात आहेत, सपाट आणि सोपी. ही नदी पूर्वी पावसाळ्याच्या शेवटी वादळांबरोबर भरून यायची आणि भातपीक बुडवायची. म्हणून लोकांनी नीळ लावली. ती वादळांच्या आधीच कापणीला येते आणि पुराने आणलेल्या गाळावर पोसते. अवाची नीळ सगळ्या जपानात गेली. मी चालले नोव्हेंबरात, तेव्हा शेतं रिकामी होती आणि दारोदारी सोललेली पर्सिमनची फळं दोऱ्याला ओवून वाळत टाकलेली होती. किरिहाताजी या दहाव्या मंदिराच्या तीनशे तेहतीस पायऱ्या चढून उतरले, मग नदी ओलांडली, ती कठडे नसलेल्या बुटक्या पुलावरून. पूर आला की तो पाण्याखाली जातो, आपल्या गावाकडच्या फरशीसारखा. काठी बगलेत उचलून धरली होती.

देवळात करायचं ठरलेलं आहे. दाराशी वाकायचं, हात धुवायचे, मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या लावायच्या, आपल्या नावाची चिठ्ठी पेटीत टाकायची, मुख्य देवापुढे प्रज्ञापारमिता हृदयसूत्र म्हणायचं, मग दाइशींच्या मंदिरात पुन्हा तेच. शेवटी कार्यालयात वही द्यायची. तिथला माणूस कुंचल्याने देवाचं नाव लिहितो आणि तीन लाल शिक्के मारतो. २०२४ पासून याचे तीनशेऐवजी पाचशे येन घेतात. काही लोक गाडीतून उतरतात, शिक्का घेतात, निघतात. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही, त्यांतले पुष्कळजण गुडघ्यांनी थकलेले असतात. पण चालणाऱ्याला दोन देवळांमधलं जे मिळतं ते वहीत कुठेच येत नाही.

त्यातलं सर्वांत मोठं म्हणजे ओसेत्ताई. यात्रेकरूला वाटेत कुणीही काहीही देतं. एका घरातून एक आजी अक्षरशः धावत रस्त्यावर आल्या आणि ‘ओहेन्रो-सान’ म्हणून त्यांनी दोन संत्री माझ्या हातात ठेवली. ओहेन्रो म्हणजे मी, यात्रेकरू. नाव, गाव काही नाही, जसे वारीत आपण सगळे ‘माउली’ होतो. मग त्यांनी हात जोडले, कमरेतून वाकल्या, आणि माझा हात आपोआप त्यांच्या पायांकडे गेला. त्या एकदम मागे सरल्या, मग काय चाललंय ते त्यांना कळलं आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले. ओसेत्ताई नाकारायची नसते. उलट आपल्या नावाची चिठ्ठी द्यायची. कुणी शंभर येनचं नाणं दिलं, एकाने गाडी थांबवून चहाची गरम बाटली दिली, एका दुकानदाराने पावसात बसायला खुर्ची दिली.

घेणं मला जड जात होतं. वारीत गावोगाव लोक जेवू घालतात, पाय चेपून देतात, पण ते हजारोंच्या पंगतीत. तिथे घेणारा गर्दीत विरघळतो. इथे रस्त्यावर घेणारी मी एकटी आणि देणाऱ्याचे डोळे माझ्यावर. त्या आजींनी काठीकडे बोट दाखवून, मग डोंगराकडे दाखवून पुन्हा हात जोडले, तेव्हा उलगडा झाला. देणारा मला देत नव्हता. ज्याला जाता येत नाही तो जाणाऱ्याबरोबर आपलं थोडं चालणं पाठवतो. आमच्याकडे वारीला निघताना शेजारची म्हातारी माणसं दारात येतात, ‘आमचाही दंडवत सांग गं विठोबाला’ म्हणतात, आणि आम्ही तो खरोखर सांगतो, एकेकाचं नाव घेऊन. त्यानंतर प्रत्येक देवळात दाइशींपुढे उभी राहिले की मी आठवून आठवून सांगत गेले: संत्रीवाल्या आजी, चहावाला, खुर्चीवाले काका. नावं माहीत नव्हती. ती दाइशींना माहीत असतील.

शोसान्जीची चढण मात्र कुणी वाटून घेत नाही. जेमतेम तेरा किलोमीटर, पण डोंगर चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. यात्रेकरू गडगडतात ती जागा, असंच तिचं जुनं नाव आहे. सुमारे साडेसातशे मीटरवर जोरेन-आन हे वाटेवरचं लहान देऊळ आहे. पायऱ्या चढताना धुक्यातून आधी एक प्रचंड सुगी वृक्ष दिसतो आणि मग त्याच्यापुढे उभे असलेले दाइशी, तेवढेच उंच वाटणारे. मी खाली बसले. ‘राम कृष्ण हरी’ आपोआप तोंडात आलं, मोठ्याने म्हटलं. रानात ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

शोसान्जीच्या खाली एमोन साबुरोची जागा आहे. तो गर्भश्रीमंत होता. दारी आलेल्या भिक्षूला त्याने हाकललं, त्याचं भिक्षापात्र फोडलं, त्याचे आठ तुकडे झाले. पाठोपाठ त्याची आठ मुलं गेली. तो भिक्षू कोण होता हे कळल्यावर क्षमा मागायला तो बेटाभोवती फिरत राहिला. वीस फेऱ्या झाल्या, गाठ पडेना. मग तो उलटा फिरला, आणि इथे, मरायला टेकला असताना, दाइशी समोर आले. गुडघे टेकलेला साबुरो आणि त्याच्यापुढे उभे दाइशी अशा मूर्ती तिथे आहेत. पहिला यात्रेकरू हाच, असं मानतात. सगळी परंपरा एका ‘दिलं नाही’ यातून सुरू झाली, आणि म्हणून त्या वाटेवरचे लोक आजही देत असावेत असं मला वाटतं.

खाण्याचं थोडक्यात. मी माळकरी. जपानी रश्श्यात, सॉसमध्ये, सगळीकडे माशाचा अर्क असतो. आदल्या दिवशी मुक्कामाला निरोप दिला तर भात, तोफू, लोणचं, रताळं मिळायचं, आणि जोडीला माझं मेतकूट होतंच.

हियासा गावच्या याकुओजी या तेविसाव्या मंदिरात बायकांसाठी तेहतीस आणि पुरुषांसाठी बेचाळीस पायऱ्या आहेत, वयाच्या त्या-त्या वर्षीची साडेसाती टळावी म्हणून लोक पायरीपायरीवर नाणं ठेवत चढतात. तिथून चोविसावं मंदिर पंचाहत्तर किलोमीटर दूर. मधे मोठं मंदिर नाही. एका हाताला पॅसिफिक, दुसऱ्या हाताला डोंगर, आणि पायाखाली डांबर. ट्रक अंगावरून जातात. खांबाखांबावर समुद्रसपाटीपासूनची उंची आणि त्सुनामीत कुठे पळायचं त्याच्या पाट्या. गावागावांत बंद घरं, अंगणात वाढलेलं गवत, मुलांवाचून बंद पडलेल्या शाळा. दिवसभरात भेटलेली माणसं बहुतेक सत्तरीच्या पुढची. ही यात्रा देवळांवर उभी नाही, या दारांवर उभी आहे, आणि ती दारं एकेक करून मिटत आहेत. हे पाहून माझा जीव तुटला. या वाटेला जागतिक वारसा म्हणून मान मिळावा यासाठी चारही प्रांत प्रयत्न करत आहेत. मिळावा. पण संत्री घेऊन धावत येणारं माणूस दारात राहावं, हे मला त्याहून निकडीचं वाटतं.

मुरोतोच्या टोकाशी मिकुरोदो गुहा आहे. तरुण कूकाईंनी इथे आकाशगर्भ बोधिसत्त्वाचा मंत्र जपला आणि पहाटेचा तारा त्यांच्याकडे झेपावत आला असं सांगतात. आत पाणी ठिबकत असतं, बाहेर पाहिलं की आभाळ आणि समुद्र, तिसरं काही नाही. गुहेपासून थोडं पुढे वर चढून होत्सुमिसाकिजी, तेच चोविसावं मंदिर. तिथे उलट्या दिशेने चालणारा एक वयस्क यात्रेकरू भेटला. त्याने मला आपली लाल चिठ्ठी दिली. आठ फेऱ्या झाल्याशिवाय ती लाल मिळत नाही. माझी पांढरी त्याने दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि नकाशावर बोटाने पुढचा किनारा दाखवला: तोसा प्रांत, सोळाच मंदिरं, पण चारांतला सर्वांत लांब पल्ला. पुढच्या वसंतात मी इथूनच निघणार आहे. गावातल्या कुणाला ओदाइशी-सानना दंडवत पाठवायचा असेल तर फाल्गुनाआधी नाव सांगा, वहीत लिहून नेते.