जुन्या पद्मिनीचा आधी पत्रा पाहावा

तीस-चाळीस वर्षांची मोटार पाहायला गेलेला माणूस सहसा आधी बॉनेट उघडायला सांगतो, इंजिन सुरू करून त्याचा आवाज ऐकतो आणि आवाज बरा वाटला की अर्धा व्यवहार मनातल्या मनात करून मोकळा होतो. प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. तिचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन साधे आहे. झिजलेले सिलिंडर आतून घासून बोअर करणारे लेथवाले आणि असे इंजिन डोळे झाकून बांधणारे जुने मिस्त्री सातारा, कराड, सांगली या गावांत अजून आहेत. कुजलेल्या पत्र्याचे तसे नाही. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा स्वतंत्र लोखंडी सांगाडा, नसते. तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ पट्टे आणि चाकांवरच्या कमानी मिळूनच तिचा सांगाडा बनतो, आणि तो सडला की इंजिन कितीही चांगले असले तरी ते बसवायचे कशात, हा प्रश्न उरतो.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब वाईला आत्याकडे गेलो होतो. आतेभावाने पाचगणीच्या एका बंगल्यातली १९८६ सालची पद्मिनी हेरून ठेवली होती आणि ती घेण्याचे त्याने जवळजवळ ठरवलेच होते. गाडी पहिल्याच मालकाकडे असलेली, मीटरवर अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर, कायम शेडमध्ये उभी. ऐकणाऱ्याला मोह पडावा असेच हे वर्णन आहे. पण पाचगणीचे नाव ऐकताच मला काळजी वाटू लागली. शेजारच्या महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाचगणीला त्याहून पुष्कळ कमी पडत असला तरी पावसाळ्याचे महिने धुक्यात आणि दमट हवेत जातात, आणि शेडचे छप्पर पाऊस अडवते, दमट हवा अडवत नाही. क्वचित चालणारी गाडी तापत नाही, म्हणून तिच्या पोकळ भागांत शिरलेला ओलावा तसाच साचून राहतो. थोडे किलोमीटर हा कोरड्या हवेतल्या गाडीचा गुण असेल. घाटमाथ्यावरच्या गाडीत त्याकडे संशयाने पाहिलेले बरे.

गाडीचे मालक निवृत्त शिक्षक होते. आदल्या संध्याकाळी मी त्यांना फोन करून विनंती केली, "सर, आम्ही सकाळी लवकर येतो. आम्ही येईपर्यंत कृपा करून गाडी सुरू करू नका." त्यावर ते म्हणाले, "अहो, पाहुणे येणार, निदान धुऊन तरी ठेवू द्या." मी तेही नम्रपणे नको म्हटले. थंड इंजिन पहिल्या चावीला कसे वागते हे पाहण्याची संधी सकाळी एकदाच मिळते, आणि तेल किंवा पाणी कुठून गळते याच्या खुणा धुतलेल्या गाडीवर उरत नाहीत. सुट्टीत गाडी पाहताना आणखी एक पथ्य पाळावे: घरच्यांना गाडीभोवती ताटकळत ठेवू नये. मुले कंटाळली की पाहणारा घाई करतो, आणि घाईत नेमका तळ पाहायचा राहतो. म्हणून आत्या, पत्नी आणि मुलगा टेबल लँडवर गेले. मुलगी मात्र हौसेने आमच्याबरोबर थांबली.

कोवळ्या उन्हात गाडीच्या मागच्या कोपऱ्यात उकिडवे बसून पत्र्याच्या रेषेत तिरपे पाहिले, तर कारखान्यातला सपाट पत्रा आणि हाताने घासलेला पत्रा यांतला फरक सहज दिसतो. डाव्या बाजूच्या दाराखाली मला हलकी लाट दिसली. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक दारावर घट्ट धरत होते, पण खालच्या पट्टीवर येताच निसटत होते. म्हणजे तिथे पत्र्यापेक्षा लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, जास्त होती. बोटाच्या पेराने टकटक केल्यावर बाकी ठिकाणी खणखणीत येणारा आवाज तिथे बद्द येत होता. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती रंगाने बुजलेली होती, म्हणजे काचेवरून आत उतरलेले पाणी दारातच साचत असणार. पुढच्या काचेच्या रबराखालचे दोन्ही कोपरे फुगलेले होते.

यानंतर सरांची परवानगी घेऊन आम्ही पायांखालचे मॅट उचलले. चालकाच्या बाजूला तळाच्या पत्र्यावर दुसरा सपाट पत्रा ठेवून त्याच्या कडा डांबरासारख्या काळ्या रंगाने लिंपल्या होत्या. मुलीने मोबाईलचा दिवा लावून, हात गाडीखाली घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत व्हिडिओ काढला. गाडी नुसत्या जॅकवर उचलून कोणीही खाली शिरू नये, म्हणून ही पद्धत मला फार पसंत आहे. व्हिडिओत तळाला नुकताच मारलेला काळा रंग दिसला आणि त्या रंगातूनही जॅक लावायच्या जागेशेजारी पत्र्याचे पापुद्रे सुटलेले दिसले. जुन्या गाडीचा तळ मळका असावा. तो एकाएकी काळाभोर चकचकीत असेल, तर त्याखाली काय आहे हे विचारलेच पाहिजे. सरांनी प्रांजळपणे सांगितले की, ते काम दोन पावसाळ्यांपूर्वी एका गॅरेजने केले होते आणि आत काय होते ते त्यांनी स्वतः पाहिले नव्हते.

इंजिनविषयी तक्रारीला जागा नव्हती. चोक ओढल्यावर ते लगेच सुरू झाले, धूर नाही, तेल स्वच्छ, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही. विमा आणि पीयूसी चालू असल्याची खात्री करून आतेभाऊ आणि मी पसरणी घाटाची काही वळणे हळूहळू उतरून परत वर आलो. स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर चारही जागी नीट पडत होता आणि चढावर गाडी तापली नाही. उताराला दुसऱ्या गिअरमध्येच राहावे, कारण या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि लांब उतारावर सतत दाबले की ते तापून धरेनासे होतात. ब्रेक मारताना पुढून डावीकडे आलेला कट्ट असा आवाज मात्र मला चाकाचा वाटला नाही. डाव्या पट्टीने साथ सोडल्याचे ते लक्षण असावे.

आतेभावाचा चेहरा उतरला. "दादा, इंजिन एवढं झकास आहे, पत्र्याचं काम करून घेऊ ना," असे तो म्हणाला. त्याला मी एवढेच सांगितले की, पट्टी कापल्यावर आत किती सडले आहे हे कळेपर्यंत खर्चाचा आकडा कोणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्याकडे गाडी देऊ नये. सरांनाही आम्ही सगळ्या खुणा दाखवल्या. विकणाऱ्याला दोष न सांगता नुसते "कळवतो" म्हणून निघून जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

मुंबईहून आलेली पद्मिनी पाहत असाल, तर पुढच्या डाव्या मडगार्डवर भोक बुजवल्याची खूण आहे का ते बोटाने चाचपून पाहा, कारण काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा मीटर तिथे बाहेर बसवलेला असे. डिकीच्या तळाला सीएनजीच्या टाकीचे बोल्ट बसवल्याची भोकेही दिसू शकतात. मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. पण टॅक्सीत झिजलेले सुटे भाग आणि अख्खी अंगेही नव्या रंगात फिरत असू शकतात. गाडीतल्या किलोमीटर मोजणाऱ्या जुन्या मीटरला पाचच आकडे असले की लाखानंतर तो पुन्हा शून्यापासून मोजतो. म्हणून मीटरपेक्षा क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर, चालकाच्या सीटची स्प्रिंग आणि स्टीअरिंगची झिजलेली कड यांच्यावर माझा अधिक विश्वास आहे.

पुढे शिखर शिंगणापूरला दर्शनासाठी जाताना दहिवडीजवळच्या एका वस्तीवरची दुसरी पद्मिनी पाहिली. जिल्हा एकच, पण माण तालुका पर्जन्यछायेत येतो आणि तिथला वर्षभराचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. ही १९८४ सालची गाडी दिसायला दीनवाणी होती: उन्हाने रंग पांढुरका झालेला, काचेची रबरे तडकलेली, सीटचे रेक्झिन फाटलेले. टायरवर शेवटचे चार आकडे २३१४ होते, म्हणजे तो २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. त्यावर घाट चढण्याचा प्रश्नच नव्हता. पण लोहचुंबक पट्ट्यांवर टोकापासून टोकापर्यंत चिकटले, मॅटखालचा पत्रा मूळ रंगासह शाबूत निघाला आणि चारही दारे एका बोटाने लागली. सांगाडा वाकला की दारे आधी अडकू लागतात, म्हणून ही साधी परीक्षा मी कधी वगळत नाही.

इंजिनाने मात्र निळा धूर सोडला. दहिवडीच्या मिस्त्रींनी प्लग काढून चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजले, तेव्हा तिसऱ्याचे बरेच कमी भरले. त्यांनी त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले आणि काटा वर गेला. "बघा साहेब, रिंगा गेल्यात, व्हॉल्व्ह ठीक हाय," असे ते म्हणाले. तेल घालूनही काटा वर गेला नसता, तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा धरावा लागला असता. म्हणजे खर्च आहे, पण तो कशाचा आहे आणि साधारण किती, हे बांधावर उभे राहून सांगता येते. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटे बदलावी लागतीलच, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, त्या काळच्या रबराला ते सोसत नाही, आणि गाडी उभी राहिली की ते हवेतली ओल शोषून टाकीला आतून गंज आणते. यातले काही इथेनॉल आपल्याच सातारा-सांगलीच्या उसातून निघते आणि शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, म्हणून त्याविषयी माझी तक्रार नाही. जुनी गाडी ठेवणाऱ्याने त्याप्रमाणे तजवीज करावी, इतकेच.

कागदपत्रांत मात्र ही गाडी अडली. तिचा क्रमांक एमएच मालिकेच्या आधीचा, तीन अक्षरांचा, आणि आरसी जुन्या पुस्तकाच्या स्वरूपात होती. चेसिस क्रमांकावर कागद धरून पेन्सिलने छाप घेतला, तो पुस्तकाशी जुळला. इंजिनाचा क्रमांकही जुळला. तरीही सरकारच्या 'वाहन' या संगणक प्रणालीवर तिची नोंद सापडली नाही, त्यामुळे परिवहन कार्यालयात आधी बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या पुस्तकातली नोंद संगणकावर चढवणे, करून घ्यावी लागेल. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारे नोंदणीचे नूतनीकरण मागच्या खेपेस राहून गेले आहे. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी त्याचे शुल्क दहा हजार रुपये झाले आहे आणि पर्यावरण कर वेगळा. पुस्तकावर एका पतसंस्थेचा बोजाही दिसतो. कर्ज केव्हाच फिटले असले तरी पतसंस्थेच्या दाखल्यासह नमुना ३५ भरल्याशिवाय तो उतरत नाही, आणि तोवर मालकी बदलण्याच्या नमुना २९ व ३० वर सह्या करून उपयोग नाही.

आतेभावाने मालकांना थोडा विसार दिला असून बोजा उतरवणे, बॅकलॉग एन्ट्री आणि नूतनीकरण ही कामे मालकांनी आपल्या नावावर असतानाच पूर्ण करावीत, असे दोघांनी कागदावर लिहून घेतले आहे. ते झाले की गाडी टोचन करून न ओढता टेम्पोवर चढवून साताऱ्याला आणायची, आधी ब्रेक आणि टायर, मग टाकी व नळ्या आणि शेवटी रिंग-पिस्टनचे काम काढायचे, असे ठरले आहे. रंगाचा विषय पुढच्या पावसाळ्यानंतर.